राणी एलेनाची सुट्टी

डेन्मार्कमध्ये नोकर ही जमात शिल्लक नाही. तिथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्रीसुद्धा सायकलवरून कामाला जातात, आणि कुणीही कुणाचं उष्टं काढत नाही, याचा त्या देशाला रास्त अभिमान आहे. उष्टं आम्ही काढतो. पण आम्ही नोकर नव्हे. फिलिपिन्सहून ऑ पेअर म्हणून आलेली प्रत्येक मुलगी नियमाने त्या घरची सदस्य असते. ती पोरं सांभाळते, ओटा पुसते, पण हे सगळं संस्कृतीच्या देवाणघेवाणीसाठी. आमची संस्कृती आम्ही देतो. त्यांची आमच्याकडे येते ती बहुतेक धुवायला.

जोव्हेलीन गेल्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या लिंडेगोर कुटुंबाची सदस्य झाली. घराला समुद्र दिसणाऱ्या खिडक्या भरपूर होत्या. जोव्हेलीनची खोली तळघरात, बॉयलरला लागून. पहिल्याच दिवशी घरची बाई, व्हीबेके, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मला मॅडम म्हणू नकोस. इथे सगळे सारखे."

"हो मॅडम," जोव्हेलीन म्हणाली.

हे मला कसं माहीत, असं कुणी विचारू नये. त्या भागातल्या प्रत्येक सिंकपाशी आमच्यातली एकजण उभी असते. तिथल्या नवराबायकोंना एकमेकांबद्दल जे ठाऊक नसतं, ते आम्हाला रविवारी चर्चच्या हॉलमध्ये शेवयांच्या ताटावर कळतं. मीही एकेकाळी अशीच एका घरची सदस्य होते. आता मी माझ्या स्वतःच्या घरचं उष्टं काढते, याला इथे बढती म्हणतात.

तर मे महिन्यात आम्ही क्रुसाची मिरवणूक काढतो. ज्या गावात फिलिपिनो माणूस आहे त्या गावात ती निघते. कोपनहेगनने काय घोडं मारलंय? मिरवणुकीत बायबलातल्या आणि बायबलाबाहेरच्या राण्या सजून चालतात, आणि सगळ्यांत शेवटी, फुलांच्या छत्राखाली, राणी एलेना. येशूला ज्यावर खिळलं तो खरा क्रूस तिने शोधून काढला, म्हणून तिच्या एका हातात क्रूस असतो. तिचं बोट धरून तिचा मुलगा सम्राट कॉन्स्टंटाईन चालतो. इतिहासात तो तेव्हा पन्नाशीचा होता; आमच्याकडे तो पाचेक वर्षांचा असतो, कारण पन्नाशीचे पुरुष मिरवणुकीला येत नाहीत, बाहेर सिगारेट ओढत उभे राहतात.

यंदा राणी एलेनाचा मान जोव्हेलीनला मिळाला. तिच्या भक्तीमुळे मिळाला असं आम्ही जाहीर केलं. खरं तर आधी ठरलेली मुलगी नॉर्वेला निघून गेली, तिच्यानंतरची गरोदर राहिली, आणि उरलेल्यांत समितीच्या एकुलत्या एक झग्यात मावणारी जोव्हेलीनच होती.

पण इलोइलोजवळच्या तिच्या गावात ही बातमी पोचली ती भक्तीवालीच. तिच्या आईने चर्चच्या अंगणात चादर ताणून त्यावर मिरवणूक थेट दाखवायची व्यवस्था केली. गावाच्या भल्यासाठी नव्हे, शेजारणीच्या. शेजारीण लुडिंग. तिची मुलगी कॅनडात नर्स, आणि जोव्हेलीन निघाली तेव्हा लुडिंग भर बाजारात म्हणाली होती, "शिकलेली पोर गं तुझी, आणि चालली गोऱ्यांच्या पोरांची ढुंगणं धुवायला!" तेव्हापासून आई त्या बाजारात मासळी घेत नाही, दोन गावं पलीकडे जाते. आता लुडिंगने पुढच्या रांगेत बसून, चादरीएवढ्या मोठ्या जोव्हेलीनला मुकुटासकट छत्राखाली चालताना पाहायचं, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

"चेहरा नीट दाखवा म्हणावं तिकडच्यांना," आईने फोनवर बजावलं. "आणि हसू नकोस. राण्या हसत नाहीत."

शुक्रवारी जेवताना व्हीबेकेने विषय काढला.

"जोव्हेलीन, रविवारी तुझी सुट्टी ना?"

"हो."

"छान. सुट्टी ही सुट्टीच असली पाहिजे." व्हीबेके मोठमोठ्या कंपन्यांत काम आणि घर यांचा तोल कसा साधावा यावर व्याख्यानं देते. त्यासाठी तिला सतत बाहेरगावी जावं लागतं. तोल जोव्हेलीन सांभाळते. "तर स्टॉर्म म्हणत होता, त्याला तुझी मिरवणूक बघायचीय."

स्टॉर्म हे पोराचं नाव. म्हणजे वादळ. तो सूपमध्ये बोट बुडवून बसला होता, आणि आपण असं काही म्हणालो ही बातमी त्यालाही नवी होती.

"आणि आस्गरला आणि मला बरेच दिवस एकमेकांसाठी असा वेळच मिळाला नाही."

आस्गर गंभीरपणे मान हलवत होता. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी बोलायची त्याला सवय आहे.

"पण तू अगदी मोकळेपणाने नाही म्हणू शकतेस हं," व्हीबेके म्हणाली. "आपल्या घरात प्रत्येकाला नाही म्हणायचा हक्क आहे."

इथेच पोरगी अडकली. हुकूम सोडला असता तर आमच्याकडे शंभर युक्त्या आहेत: ताप, पोटदुखी, फादरनी बोलावलंय, मावशी वारली. आमच्या मावश्या गरजेप्रमाणे वारतात. पण एखादी बाई स्वतःच्या हाताने आपल्याला हक्क देते, वर सूप वाढते, तिच्या तोंडावर तो हक्क वापरायचा म्हणजे काय! हुकूम मोडता येतो. हक्काचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

"येऊ दे त्याला," जोव्हेलीन म्हणाली.

"मनापासून वाटत असेल तरच."

"मनापासून."

"म्हणजे हे काम नव्हे हं."

"नाही नाही."

"संस्कृतीची देवाणघेवाण," आस्गर म्हणाला.

"आम्ही तिथेच कोपऱ्यावरच्या कॅफेत असू," व्हीबेके म्हणाली. "काही लागलंच तर."

रविवारी जोव्हेलीन हॉलमध्ये आली तेव्हा तिच्या एका हातात झगा खालून फुगवायच्या कमानींची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्टॉर्म होता. समोर पेर्पिंगताई उभ्या. पेर्पिंगताई म्हणजे समितीच्या अध्यक्ष. त्या पूर्वी ऑ पेअर होत्या, मग एका डॅनिश प्लंबरशी लग्न केलं, आणि तेव्हापासून समिती म्हणजे त्या.

"हे काय? आज सुट्टी ना तुझी?"

"आहे ना ताई."

"मग हा कोण?"

"हा कुटुंबीय."

हॉलभर हशा पिकला. पेर्पिंगताई मात्र हसल्या नाहीत. "आम्ही पण कुटुंबीयच होतो गं. माझं कुटुंब मला कुत्र्याबरोबर ठेवून इटलीला जायचं. कुत्र्याला वाईट वाटू नये म्हणून." मग त्यांनी स्टॉर्मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किती वर्षांचा?"

"पाच."

"डोकं केवढं आहे?"

ताईंचं दुःख निराळं होतं. सम्राट कॉन्स्टंटाईन म्हणून त्यांचा नातू ठरला होता. सकाळी त्याची फुटबॉलची मॅच निघाली. डॅनिश जावई म्हणाला, पोराचं पोराला ठरवू द्या. सम्राटपद की फुटबॉल, असा प्रश्न पाच वर्षांच्या पोराला विचारला तर साम्राज्याचं काय होणार हे उघड आहे.

ताईंनी सम्राटाचा मुकुट स्टॉर्मच्या डोक्यावर दाबून बसवला. बसला.

"मी राजा आहे?" स्टॉर्मने विचारलं.

"सम्राट."

"मग मी हिला हुकूम देऊ शकतो?"

"नाही रे बाळा. ही तुझी आई आहे."

स्टॉर्मने जोव्हेलीनकडे नीट पाहिलं. "ही माझी आई नाही," तो म्हणाला. "माझी आई कॅफेत आहे."

तिकडे राणीला झग्यात कोंबणं चालू होतं. तो झगा आजवरच्या सगळ्या राण्यांच्या अंगावर चढला-उतरलाय. कधी उसवला, कधी शिवला, आता त्यात मूळचं कापड किती हे शिंप्यालाही सांगता येणार नाही.

"श्वास घे," ताई म्हणाल्या.

"घेतला."

"आता सोडू नकोस. फिरून चर्च येईपर्यंत."

सम्राटाची विजार कमरेत ढगळ होत होती. ती चहूबाजूंनी सेफ्टी पिनांनी आवळली. त्याला लाकडी तलवार दिली. ही चूक होती, पण ती लगेच कळली नाही.

थेट प्रक्षेपणाचं काम पेर्पिंगताईंच्या यजमानांकडे, प्रेबेनकडे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे चांगला फोन आणि भरपूर वेळ आहे. ताईंनी त्यांना बजावलं, "छत्र. काहीही झालं तरी छत्र चौकटीबाहेर जाता कामा नये."

"बरं," प्रेबेन म्हणाले. लग्नाच्या वेळीही ते एवढंच म्हणाले होते.

मिरवणूक निघाली. पोलिसांनी परवानगी दिली होती, पण फूटपाथपुरती. त्यामुळे शीबाची राणी, न्यायाची राणी, श्रद्धा, आशा आणि प्रीती अशा सगळ्याजणी एकामागे एक, रेशनच्या रांगेसारख्या चालल्या होत्या. लाल दिवा आला की सगळा स्वर्ग थांबायचा. छत्राचा एक दांडा सायकलच्या मार्गात गेला तर मागून घंटा वाजल्या, आणि एक सायकलवाली बाई ओरडली, "हा सायकलींचा रस्ता आहे!" देवाची मिरवणूक आहे म्हणून गप्प बसेल असा माणूस त्या देशात नाही. सायकलींचा रस्ता आहे म्हटल्यावर मात्र आमचे सगळे देव कडेला होतात.

तरी सांगते, जोव्हेलीन सुंदर दिसत होती. ती हसत नव्हती. हसायला श्वास लागतो. तिकडे गावात चादरीवर ती केवढी दिसत असेल, या विचारानेच माझ्या अंगावर काटा आला. प्रेबेन समोरून उलटे चालत होते, छत्र अगदी मधोमध. स्टॉर्म एका हाताने तिचा हात धरून दुसऱ्या हाताने तलवारीने पुढच्या प्रीतीला ढोसत होता. प्रीती फिलिपिनोत जे पुटपुटत होती त्यात प्रीती कमी होती.

कॅफेच्या कोपऱ्यावर लाल दिवा लागला आणि मिरवणूक थांबली. स्टॉर्मही थांबला.

"मला शू लागली."

"पाच मिनिटं थांब राजा," जोव्हेलीन ओठ न हलवता म्हणाली. "ते बघ चर्च."

"नाही. आत्ता."

जोव्हेलीनने मान वळवली. कॅफेच्या बाहेर, उन्हात, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, व्हीबेके आणि आस्गर अंडी आणि कॉफी घेऊन बसले होते. जोव्हेलीनने व्हीबेकेकडे पाहिलं. व्हीबेकेने जोव्हेलीनकडे पाहिलं, फोन उचलला, फोटो काढला आणि दोन्ही हात हलवले.

"आई! शू!" सम्राट ओरडला.

"शाब्बास बाळा!" व्हीबेके म्हणाली. "किती छान सांगितलंस! आता हेच जोव्हेलीनला सांग!"

आस्गरने कौतुकाने मान हलवली. कुणी उठलं नाही.

सम्राट पायाला पाय घासू लागला. सगळी मिरवणूक त्या पायांकडे बघत होती. जोव्हेलीनने मुकुट काढला, तो आणि हातातला क्रूस दोन्ही पेर्पिंगताईंच्या हातात कोंबले, डाव्या हाताने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, उजव्या हाताने सम्राट, आणि पळत सुटली. झग्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट होते.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. शौचालयाचं दार अरुंद, झग्याच्या कमानी रुंद. राणी दारात अडकली. ना आत, ना बाहेर. पिना सोडवायला तिने हात लांब केला तर स्टॉर्म म्हणाला, "मला एकट्याला जमतं." आणि लिंडेगोरांच्या घरचा पहिला नियम असा, की पोर स्वतः काही करत असेल तेव्हा त्याची घाई करायची नाही. त्याचा आत्मविश्वास खचतो. जोव्हेलीन दारात अडकून आत्मविश्वास वाढताना बघत उभी राहिली. मग हात धुणं झालं, साबणाचे फुगे झाले, आणि बाहेर पडताना दालचिनीचा पाव दिसला.

बाहेर दिवा हिरवा झाला.

"ताई, थांबायचं का?" छत्र धरणाऱ्यांपैकी एकीने विचारलं.

मागे सायकली तुंबल्या होत्या. "कशाला?" ताई म्हणाल्या. "हिरवा आहे."

छत्र हललं. रिकामं. हजारो मैलांवरच्या गावात चादरीवर नुसतं छत्र चाललेलं दिसत असणार, खाली डांबर.

"रिकामं छत्र नेणं बरं नव्हे," ताई म्हणाल्या, आणि खाली शिरल्या. हातात क्रूस होता. पोराचा हात धरायचा नसेल तेव्हा क्रूस काही एका हाताने धरायची वस्तू नाही. मग मुकुट कुठे ठेवायचा? डोक्यावर ठेवला. यात चुकीचं काय होतं ते कुणी दाखवून द्यावं. प्रत्येक पायरी रास्त होती. एवढं खरं की मुकुट ठेवल्यावर ताईंची मान आपोआप ताठ झाली आणि चाल बदलली. त्या आयुष्यभर राण्यांच्या कमरा आवळत आल्या होत्या. प्रेबेन चौकट न हलवता उलटे चालत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोकडे एवढा वेळ सलग त्यांनी त्या दिवशीच पाहिलं असेल.

चर्चच्या दारात फादर उभे. पोलंडचे, नवे, आम्ही सगळ्याजणी त्यांना सारख्याच दिसतो. मुकुट दिसला त्यावर त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये चित्रीकरणाला मनाई आहे, म्हणून प्रेबेननी दारातच फोन बंद केला.

जोव्हेलीन आली तेव्हा शेवटचं गाणं संपत होतं. झग्याचा घेर मळला होता, कडेवर सम्राट, सम्राटाच्या हातात पाव.

"घे गं बाई तुझा मुकुट," ताई म्हणाल्या. "डोकं दुखायला लागलं माझं."

हॉलमध्ये आम्ही शेवया घेऊन बसलो तोवर जोव्हेलीनच्या आईचा फोन आला. जोव्हेलीनच्या हातात स्टॉर्मचा चिकट पाव होता, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. आम्ही सगळ्याजणी जेवणात दंग असल्याचं दाखवू लागलो.

"आई, पाहिलंस?"

"पाहिलं ना. कॅफेपर्यंत तर डोळे भरून आले माझे. मग ती म्हातारी कोण?"

पेर्पिंगताईंच्या तोंडात शेवयांबरोबरचा अख्खा तळलेला रोल होता.

"आमच्या समितीच्या अध्यक्ष आहेत."

"होय का? मी लुडिंगला सांगितलं, ती तिकडची खरी राणी आहे. मध्येच आली, म्हणून माझ्या पोरीने मानाने जागा दिली."

"आई!"

"लुडिंग म्हणाली, खऱ्या राणीचं नाक असं आपल्यासारखं चपटं कसं? मी म्हटलं, राजघराण्यांत नात्यातच लग्नं होतात, नाक बसतं."

"आणि तिने मानलं?"

"तेवढं मानलं." मागे अंगणात खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. लोक घरी चालले होते. "पण तिने दुसरं विचारलं. म्हणाली, राणी आली ते ठीक. पण ते सोनेरी केसांचं पोर काखोटीला मारून तुझी लेक कुठे पळाली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सम्राट आहे, त्याला राज्याची कामं असतात." आईचा आवाज खाली आला. "जोव्ही, खरं सांग. शू का?"

"हो आई."

"लुडिंग तेच म्हणाली."

आम्ही सगळ्याजणी पुन्हा ताटांवर वाकलो. स्टॉर्म तेवढा म्हणाला की त्याला शेवया नकोत, बटाटा हवा.

संध्याकाळी व्हीबेके आणि आस्गर टवटवीत चेहऱ्याने घरी आले. व्हीबेकेने दुपारचा फोटो दाखवला: झगा उचललेली जोव्हेलीन, मुकुटातला स्टॉर्म. "किती सुंदर क्षण! बघ ना. तुला विश्रांती मिळाली ना आज?"

जोव्हेलीन भांड्यांच्या मशीनपाशी उभी होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा तो हक्क वापरला.

"व्हीबेके, आज मी काम केलं."

व्हीबेकेचा चेहरा खरोखरच पडला. ती वाईट बाई नाही. असती तर गोष्ट सोपी झाली असती. "काम? अगं पण तू कुटुंबातली आहेस. कुटुंबात काम नसतं."

"तू समोरच बसली होतीस."

"म्हणून तर उठले नाही! स्टॉर्म तुझ्याबरोबर होता. आम्ही मध्ये पडलो असतो तर त्याच्यासमोर तुझा अधिकार कमी झाला नसता का?"

जोव्हेलीनने भांड्यांचं मशीन सुरू केलं.

पण तिथली माणसं न्यायी. विषय असा सोडून देणार नाहीत. स्टॉर्म झोपल्यावर दोघं नवराबायको वाइन घेऊन बसले आणि ते काम होतं की नव्हतं यावर त्यांनी सगळ्या बाजूंनी चर्चा केली. जोव्हेलीनलाही बसवलं, कारण तिच्याबद्दलची चर्चा तिच्यामागे करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी आस्गरने निवाडा केला. स्टॉर्म प्रेक्षक म्हणून गेला असता तर त्याला सांभाळणं हे काम ठरलं असतं. पण त्याला भूमिका होती. जोव्हेलीनलाही होती. म्हणजे दोघं एकाच कार्यक्रमातले कलाकार. त्यात कोण कुणाला सांभाळत होतं हे ठरवता येत नाही. त्यातून तो सम्राट. पद पाहिलं तर त्याचंच वरचं.

"पण तुझं म्हणणं तू मांडलंस, याचा आम्हाला आनंद आहे," व्हीबेके म्हणाली, आणि तिने जोव्हेलीनला मिठी मारली.

जोव्हेलीनने वाइनचे दोन ग्लास विसळले.

त्या आठवड्याची सुट्टी तिने रविवारी घेतली, असं धरण्यात आलं.